एका मोठ्या संख्येचे अवयव

गेल्या उन्हाळ्यात नगरच्या आमच्या घरी जुन्या कागदांचे कपाट आवरीत असता एक दोनशे पानी वही हाती लागली. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अंकांत लिहिलेली १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या पाहताच आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. वही आमची नव्हे. सुमारे वीस वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा येथून आमच्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती दाखविण्यास आणिली होती. गणिती द. रा. कापरेकर आपल्याच गावचे, अशी त्याची भाबडी समजूत. कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत ज्या देवळालीस शाळामास्तर होते ती नाशिकजवळची, लष्करी छावणीची देवळाली, एवढी त्याची चूक आम्ही तत्परतेने दुरुस्त केली आणि "वही ठेवून जा, सवडीने पाहू," असे म्हणून ती कपाटात टाकली. ती सवड आता मिळाली.

ही संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचे ते नाव. आर्किमिडीजला स्नानगृह मिळाले, आमच्या मास्तरांना फलाट!

संख्या दिसावयास देवळाच्या शिखरासारखी, परंतु खरी मौज तिच्या पोटात आहे. नऊ एकांचे तीन-तीनांचे गट पाडले की १११ गुणिले १००१००१ असे रूप मिळते. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला तीनाने भाग जातो आणि येतात ३३३६६७. तेव्हा मूळच्या वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा व ३३३६६७ दोन वेळा, आणि एकूण विभाजक ४५. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस कापरेकर 'हर्षद', म्हणजे हर्ष देणाऱ्या, म्हणत. एकापासून नवापर्यंतची बेरीजही ४५ च भरते. त्याभोवती मुलाने लाल शाईने वर्तुळ काढले आहे. योगायोगच तो, पण गोड.

त्या काळी हार्डी यांचे १९४० सालचे पुस्तक आम्ही नुकतेच वाचले होते. अंकांच्या अशा गमती कोड्यांच्या सदरात शोभाव्यात, गणितज्ञास त्यांत गोडी नाही, हा त्यांचा अभिप्राय आम्ही स्वतःचा म्हणून मिरवीत असू. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले, हे आम्हांस ठाऊक असूनही! आणि अवयव पाडणे हा पोरखेळ आहे काय? दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार यंत्र क्षणात करते, परतीची वाट मात्र बिकट. या बिकटपणावर १९७७ साली गुप्तलेखनाची एक पद्धत उभी राहिली, आणि तशा एका अडीचशे अंकी संख्येचे अवयव सापडावयास २०२० साल उजाडावे लागले.

मुलाचे काम याहून साधे, पण कष्टाचे होते. ३३३६६७ ही संख्या आणखी फुटते की नाही, हे त्यास स्वतः पाहावयाचे होते. संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो, आणि येथे वर्गमूळ ५७७ व ५७८ यांच्या दरम्यान येते. म्हणून २ पासून ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने त्याने भागून पाहिले आहे. १०६ भागाकार, तेही हाताने, एकही पायरी न गाळता. २ ने आणि ५ ने भागण्याची तर गरजच नव्हती, परंतु तेही त्याने सोडलेले नाही.

शेवटच्या पानावर ५७७ चा भागाकार आहे. त्याखाली 'मूळ' हा एकच शब्द, आणि त्याच्याही खाली आमच्या सहीसाठी सोडलेली मोकळी जागा. काल रात्री आम्ही तो भागाकार पुन्हा करून पाहिला. भाग ५७८ जातो आणि बाकी १६१ च उरते.