डोंगरावरचे गाव

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी एक लहानसे उत्खननच असते. यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली आणि तिच्या तळाशी एक जुना फोटो निघाला. नऊ माणसे ओळीने उभी. कुणाच्या हातात करवत, कुणाच्या खांद्यावर फळी. मधले माझे आजोबा. ते मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये सुतार होते.

"बाकीचे कोण गं?" मी आईला विचारले.

"तुझ्या आजीला सगळे ठाऊक होते," आई म्हणाली आणि उगीचच चष्मा पुसू लागली.

आजीला जाऊन वीस वर्षे झाली. मी फोटो उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

पुढच्याच रविवारी वर्गातल्या मुलांना कान्हेरीला न्यायचे होते. आम्ही बोरिवलीकर एरवी तिकडे फिरकतो ते घरी पाहुणे आले म्हणजे. उद्यानाच्या फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत गेले की काळ्या कातळात कोरलेली शंभरांहून अधिक लेणी दिसतात. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. त्याचेच कान्हेरी झाले. मुलांना मी नेहमी सांगतो, याला नुसती लेणी म्हणू नका, गाव म्हणा. निजायला दगडी ओटे, दाराशी पाण्याचे टाके, पावसाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून कातळात खोदलेले पन्हळ, आणि सगळ्या गावाचे देवघर असावे तसे मोठे चैत्यगृह. हे गाव हजारएक वर्षे नांदते होते.

आणि गाव म्हटले की नावे आलीच. इथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कुणी काय दान दिले ते कोरले आहे. देणारे काही सगळेच राजेमहाराजे नव्हेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. त्याचे सामिदत्त हे नाव आजही आहे. नव्वदाव्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

"पण सर," एक चिमुरडी म्हणाली, "पैसे देणाऱ्यांची नावे आहेत, पाहुण्यांची आहेत. ज्यांनी हे खोदले त्यांचे काय?"

कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला असे प्रश्न घाम फोडतात. पण या प्रश्नाचे उत्तर नेमके मला ठाऊक होते. चैत्यगृह दोन व्यापारी भावांनी उभारले. तिथल्या शिलालेखात काम पाहणाऱ्या भिक्षूंबरोबर पाथरवटांचाही उल्लेख आहे. दगडाला झिलई देणारा कारागीरसुद्धा सुटलेला नाही. अठराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटले की हातोडी धरणारा हातही नोंदवावा. मी हे सांगत होतो आणि डोळ्यांपुढे होती ती फोटोची कोरी पाठ.

बॉम्बे टॉकीज १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी काढली. तिथे आजोबांनी किती घरे, देवळे, बाजार उभे केले असतील! चित्रीकरण संपले की ती गावे मोडायची आणि त्याच फळ्यांतून दुसरी उभी राहायची. उरली असतील तर ती पडद्यावर. पण फिल्म म्हणजे कातळ नव्हे. ती जुनी नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, नाही तर डब्यात पडून सडायची. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज हाती नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी गावे धूर होऊन गेली होती. आणि जे चित्रपट वाचले त्यांच्या नामावलीतही सुताराला जागा कुठली?

तरी कुणी ना कुणी जपतो. बॉम्बे टॉकीजचे जर्मन छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग यांनी चित्रीकरणाच्या वेळी काढलेले फोटो त्यांच्या घरच्यांनी सांभाळले. २०१७ साली गोव्यात त्यांचे प्रदर्शनही भरले. त्यांतले जे छापलेले पाहायला मिळाले त्यांत मी नटनट्यांकडे पाहिलेच नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे शोधत बसलो. आजोबा सापडले नाहीत.

डोंगर आपली आठवण आपण राखतो. कागदाची आणि फिल्मची आठवण माणसाने राखावी लागते, आणि ती राखायला विद्वान लागत नाही. मऊ पेन्सिल पुरते. सहल आटोपून घरी आलो त्या रात्री मी फोटोच्या पाठीवर अलगद हाताने आजोबांचे नाव लिहिले. खाली लिहिले, 'सुतार, बॉम्बे टॉकीज, मालाड.' दोन्ही बाजूंना चार-चार जागा मोकळ्या ठेवल्या.

या दिवाळीत फराळाला घरातली म्हातारी माणसे जमतील तेव्हा चकलीच्या ताटलीशेजारी जुने फोटोही ठेवा, आणि "हे कोण?" एवढेच विचारा. पेन्सिल मात्र आधीच टोक काढून ठेवा. आमच्या घरी ती वीस वर्षे उशिरा निघाली.