रोग तोच, रूप निराळे



गव्हावरचा तांबेरा तुम्ही पाहिला आहे. एखादी जात काही वर्षे त्याला दाद देत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि एका हंगामात तीच जात तांबड्या पुळ्यांनी भरून जाते. बियाणे तेच असते, बुरशी बदललेली असते. कोरोनाच्या तीन लाटांत मला वारंवार याची आठवण झाली. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसांत घरोघरच्या पाहणीसाठी आम्हालाही नेमले होते. तेव्हा जे पाहिले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले आणि सप्टेंबरात पहिली लाट शिगेला पोचली. ताप, कोरडा खोकला, अंग मोडून येणे आणि वास-चव जाणे ही लक्षणे तेव्हा पोरांनाही पाठ झाली होती. चुलीपुढे बसून फोडणीचा वास येईना म्हणून घाबरलेल्या बायाबापड्या मी पाहिल्या. दगावले ते बहुतेक साठीपुढचे किंवा मधुमेह, रक्तदाब असलेले. त्याच महिन्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. आशाताई दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. तरी गावात एक समजूत घट्ट बसली, की हा रोग शहरातला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचा.

ती समजूत घेऊनच आपण २०२१ च्या उन्हाळ्यात शिरलो. आता विषाणूचे डेल्टा हे रूप आले होते. ते झपाट्याने पसरे आणि फुप्फुस धरी. या वेळी खेडीही सुटली नाहीत आणि तरणीताठी माणसेही. कुणाला आधी जुलाब होत, कुणाला नुसता थकवा येई. ऑक्सिजन उतरलेला असे आणि माणूस मात्र बोलत बसलेला असे.

एका गावात पस्तिशीचा धडधाकट गडी कांदा काढणीत होता. दोन दिवस ताप आला आणि उतरला. खोकला नव्हता, भाकरीची चव लागत होती. ऊन बाधले म्हणून घरच्यांनी काढा दिला. सातव्या दिवशी आशाताईंनी बोटाला यंत्र लावले, तर आकडा ८४. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की धोका समजायचा. जिल्ह्याच्या गावी खाट मिळेपर्यंत रात्र सरली. तो परत आला नाही. “त्याला तर खोकला बी नव्हता, साहेब,” असे त्याची आई मला पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या माउलीने आदल्या वर्षीच्या मापाने या वर्षीचा रोग मोजला होता. तेव्हा गावोगाव हेच चालले होते.

याच लाटेत बरे झालेल्या काही मधुमेहींना काळ्या बुरशीने गाठले. गाल सुजणे, नाक चोंदणे, डोळा दुखणे ही त्याची खूण होती.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली. घसा खवखवे, नाक वाही, डोके आणि अंग दुखे. वास फार थोड्यांचा गेला. बहुतेक जण चार-पाच दिवसांत कामाला लागले. हे रूप फुप्फुसात कमी उतरे, आणि बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लसीची किंवा आधीच्या आजाराची ताकद होती. लसीकरण १६ जानेवारी २०२१ लाच सुरू झाले होते. पण ‘सर्दी तर आहे’ म्हणत ज्यांनी थकल्या, आजारी आणि लस न घेतलेल्या माणसांकडे दुर्लक्ष केले, त्यांतल्या काही घरांत दुःख आलेच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि उद्या दुसराही एखादा येऊ शकतो. म्हणून एवढे ध्यानात ठेवा. लक्षणांची जुनी यादी जुळत नाही म्हणून आजार नाही असे समजू नका. ताप उतरल्यावरही आठवडाभर माणसावर नजर ठेवा. चार पावलांत धाप लागली, छाती दाटली, बोलणे असंबद्ध झाले किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. मागल्या हंगामाचा अनुभव जरूर कामी येतो, पण यंदा कोणती कीड पडली आहे हे पान उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. घरातल्या आजारी माणसाकडेही तसेच जवळ बसून पाहा.