छापाचे प्रेम

मनुष्याचे प्रेम जसे मनुष्यावर बसते, तसे ते वस्तूवरील छापावरही बसते. आणि एकदा बसले म्हणजे तेथे युक्तिवादाचे काही चालत नाही, हा अनुभव सुज्ञ वाचकांस नवीन नसेल. आमच्या घराण्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, राहत. घरात चावीचा ग्रामोफोन होता. तबकडी घ्यावयाची ती कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या छापाचीच, असा त्यांचा दंडक. गौहरजानचा आवाज १९०२ साली कलकत्त्यास ज्या कंपनीने मुद्रित केला तीच ही कंपनी, एवढे प्रमाण त्यांस पुरे होते. परिणाम असा झाला की, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन छापाच्या तबकड्या शेजारी वाजत असता आमच्या उंबरठ्याच्या आत त्या आल्या नाहीत. १९३७ साली खाँसाहेब निवर्तले. त्यानंतर आजोबा शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन ते गाणे ऐकून आले आणि म्हणाले, "इतकी वर्षे आम्ही कुत्र्यावर प्रेम केले, गाण्यावर नव्हे." ही गोष्ट वडील आम्हांस वारंवार सांगत.

आता कर्णा गेला, चावी गेली. ध्वनिमुद्रण संगणकावर होते. परंतु छापाचे प्रेम आहे तेथेच आहे. आमचे दोघे पुतणे गावातील कीर्तने व भजने मुद्रित करतात. ते एकत्र जेवावयास बसले की सॉफ्टवेअरवरून वाद ठरलेला. एक म्हणतो, क्यूबेससारखे दुसरे नाही. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने ते १९८९ साली काढले. दुसरा म्हणतो, बेल्जियमचे एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतले की पुढील सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतात. असा धनी सोडून कोठे जावे? आम्ही दोघांस विचारले, "अरे, ऐकणाऱ्यास यातला भेद कळतो काय?" दोघेही गप्प बसले.

विचारांती आम्हांस असे दिसले की, ही निष्ठा केवळ वेडेपणा नव्हे. बोटांस एका कळफलकाच्या खुणांची सवय जडते. पैसे खर्च झालेले असतात. आणि मुख्य म्हणजे जुने काम त्याच सॉफ्टवेअरच्या कुलपात असते. पण कुलपाचा मालकच दुकान बंद करून गेला तर? अमेरिकेतील केकवॉक या नामांकित सॉफ्टवेअरचे काम त्याच्या मालक कंपनीने, गिब्सनने, २०१७ च्या नोव्हेंबरात एकाएकी थांबविले. पुढे २०१८ साली सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले म्हणून जुन्या भक्तांचा जीव भांड्यात पडला.

आमच्या घरीही असाच एक प्रसंग आला. तो दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरचा. त्याचे नाव येथे नको. आमच्या कुटुंबास गेवराईकडील माहेरच्या जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. थोरल्या पुतण्याने तीन दुपारी बसून त्या मुद्रित केल्या, मधले खंड काढून टाकले, मागे तंबोरा जोडला. गेल्या मार्गशीर्षात, योगेश्वरीच्या नवरात्रात, ती आम्हांस सोडून गेली. पुढे पुतण्याने नवा संगणक घेतला, आणि ओव्यांची फाईल काही केल्या उघडेना. धाकटा म्हणाला, "दादा, मी पाहू का?" थोरला पाहू देईना. धाकटा आपल्या सॉफ्टवेअरला नावे ठेवील, ही त्यास भीती! दोन महिने असे गेले. वर्षश्राद्ध जवळ येत होते. शेवटी आम्हीच एके रात्री थोरल्यास म्हणालो, "बाळ, तुझा मान राहू दे, आम्हांस तिचा आवाज हवा आहे." त्याने मुकाट्याने जुना संगणक भावापुढे ठेवला.

धाकट्याने उलगडा केला तो असा : न उघडणारी फाईल हा केवळ नकाशा, कोणता तुकडा कोठे जोडावयाचा एवढेच तीत लिहिलेले. मूळ आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये वेव्ह जातीच्या फायलींत पडलेला असतो, व त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तशा त्या उघडल्या. पण न जोडलेल्या, न निवडलेल्या. ओवीच्या मध्येच तिचा खोकला आला, विसरलेला चरण आठवतानाचे पुटपुटणे आले, आणि एके ठिकाणी स्वच्छ शब्द आले : "अहो, चहा टाकू का?"

आम्ही उठून ओसरीवर गेलो.

थोरला मागोमाग आला व म्हणाला, "काका, हे सगळे काढून पुन्हा नीट जोडून देतो." आम्ही त्यास सांगितले, ओव्या हव्या तर वेगळ्या जोड, पण यातला एकही तुकडा पुसू नकोस. आता आमच्या घरी असा नियम झाला आहे की, मुद्रण कशावरही करा, मूळ आवाजाची साधी प्रत तीन ठिकाणी ठेवा. दोघे पुतणे तो पाळतात. जेवताना वाद अद्याप चालतोच. आम्ही तो मिटवू पाहत नाही. वाद घालावयास का होईना, दोघे एका पंक्तीस बसतात.