तांबू

तांबू आमच्याकडे आली तेव्हा ती तांबडी नव्हतीच. पिवळट तपकिरी अंग, त्यावर गडद ठिपके, लांबी हातभर. "आई, रंग मागून चढतो गं, दोन-तीन वर्षं जाऊ देत," असं लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं. ब्लड पायथन जातीच्या अजगराचं पिल्लू अंड्यातून निघतं ते मातकटच. कात टाकत टाकत ते विटकरी होतं, आणि नशीब असेल तर पुढे गर्द लाल. काही शेवटपर्यंत मातकट राहतात. आमची चांगली लाल झाली, आणि भारतातून आलेल्या सासूबाईंनी तिचं लेकीने ठेवलेलं इंग्रजी नाव बाजूला सारून तिला तांबू म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या माहेरच्या गोठ्यातल्या गाईचंही तेच नाव होतं. आम्हा सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

ती आली 2009 साली. आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात, लॅन्सिंगजवळ राहतो. लेक तेव्हा शाळेत होती. इथे सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रदर्शनं भरतात, पैदास करणारे लोक प्लॅस्टिकच्या डब्यांतून पिल्लं मांडून बसतात. तिथे तिने हेच पिल्लू निवडलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस तिला समजावत होता, की पहिलाच साप घेतेस तर बॉल पायथन घे, तो गरीब असतो. हा चावरा असतो. घरी येऊन आम्ही शोधाशोध केली तर जुन्या लेखांत सगळीकडे तेच. रागीट, बेभरवशाचा, हाताळायला नको.

ही बदनामी कुठून आली ते मला पुढे कळलं, आणि तेव्हापासून मी या जातीची वकिली करत आले आहे. हा अजगर मूळचा मलाय द्वीपकल्पातला आणि पूर्व सुमात्रातला. 1938 मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा ब्रोंगर्स्मा या डच सर्पतज्ज्ञाचं नाव त्याला देण्यात आलं. बोर्निओतला आणि सुमात्रातलाच आणखी एक, असे त्याचे दोन आखूडशेपटे भाऊबंद आहेत. बरीच वर्षं हे तिन्ही एकाच जातीत मोडत; 2001 मध्ये ते वेगळे धरले गेले. सुमात्रात जंगल तोडून पाम तेलाचे मळे झाले. मळ्यात उंदीर माजले, आणि उंदरांमागे हे अजगरही तिथे सुखाने नांदू लागले. माणसाने जंगल तोडल्यावर भरभराट होणारे प्राणी थोडे, त्यांतला हा एक. पण पट्ट्यांसाठी, पर्सांसाठी त्याच्या कातड्याला मागणी, त्यामुळे मळ्यांतून ते हजारोंनी पकडले जाऊ लागले. पाळण्यासाठी परदेशी गेले तेही सुरुवातीला असेच, मोठे झालेले, रानातून धरलेले. तहानलेले, अंगात जंत, पोत्यातून पेटीत आणि पेटीतून विमानात. असा प्राणी पेटी उघडणाऱ्याला चावला नाही तरच नवल. ज्यांनी त्या काळात ते हाताळले त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि ते वाचून पुढच्यांनी तेच उतरवून घेतलं. माणसांकडे, डब्यात जन्मलेल्या पिल्लाला ते लागू पडत नाही.

म्हणजे तांबू गरीब होती असं मात्र नाही. तिला हात लावलेला पहिल्या क्षणी कधीच आवडला नाही. सगळं अंग एकदम दचकायचं, शेपूट फटकन आपटायची, आणि मग ती श्वास सोडायची. हा आवाज ऐकल्याशिवाय कळणार नाही. खोलीच्या दाराबाहेर ऐकू येईल असा जाड, लांब फूत्कार. पाहुणे दोन पावलं मागे सरायचे. लेक मात्र तशीच उभी राहायची. "ती ओरडतेय, चावत नाहीये," असं म्हणायची. अर्ध्या मिनिटात श्वास शांत होई.

उचलायची पद्धत ठरलेली होती. आधी लोखंडी आकडीने पाठीला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे हे जेवण नव्हे एवढं तिला समजे. मग हात बाजूने, खालून सरकवायचे. वरून कधीच नाही. या अजगराच्या ओठांवर ऊब ओळखणाऱ्या खाचा असतात. वरून येणारा गरम हात त्याला शत्रूच वाटतो. एक हात पुढच्या भागाखाली, दुसरा पोटाखाली, आणि एका दमात उचलायचं. घाबरत, अर्धवट धरून पुन्हा सोडून देणारा हात सर्वांत वाईट. चार वर्षांची झाली तेव्हा तांबू पाच फूट लांब, सात-आठ किलो वजनाची आणि मधोमध लोडाएवढी जाड होती. झाडावर चढणारे सडपातळ साप स्वतःला हाताभोवती गुंडाळून आधार घेतात. हिला तो मार्ग नाही. हा दलदलीतल्या पालापाचोळ्यात पडून राहणारा, भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहणारा प्राणी. अंगाचा एक भाग जरी लोंबकळला तरी त्याला आपण पडतोय असं वाटतं, आणि तो झटके देऊ लागतो. लोक त्या झटक्यांना राग म्हणतात. खाली दुसरा हात गेला की हा राग निवतो.

चावण्याचा प्रसंग एकदाच लक्षात राहण्यासारखा घडला. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर निळसर दुधी पडदा येतो, त्याला नीट दिसत नाही, तेव्हा त्याला छेडू नये हे घरात सर्वांना ठाऊक होतं. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. तरी पाण्याचं भांडं बदलायला त्याने वरून हात घातलाच. विजेसारखी झेप, आणि मनगटावर दोन अर्धवर्तुळं रक्ताच्या थेंबांची. विष नसतंच, साबणाने धुऊन मलम लावलं, काम झालं. त्याने दुखूनही हात मागे ओढला नाही, हे त्याचं खरंच कौतुक. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं असतं तर त्याची कातडी फाटली असती आणि तिचे दात तुटले असते.

आमचं घर शाकाहारी. तळघरातला लहान फ्रीझर गोठवलेल्या उंदरांसाठी वेगळा घेतला, तो उघडायची मुभा फक्त लेकीला. उंदीर पाण्यात कोमट करून लांब चिमट्याने द्यायचा. मोठं झाल्यावर तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. जास्त घातलं तर हे अजगर बेढब लठ्ठ होतात. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटी. राहिला दुसरा विषय. तांबू महिनोन् महिने शौचाला जात नसे. सासूबाईंना याची फार काळजी. त्या रोज सकाळी विचारायच्या, आणि उत्तर ऐकून स्वतःच्या त्रिफळा चूर्णाच्या डबीकडे बघायच्या. शेवटी कोमट पाण्याच्या टबात बसवलं की एकदाचं सगळं व्हायचं, आणि जे व्हायचं त्याचं वर्णन मासिकात नको. नागपंचमीला सासूबाईंनी दुरूनच हळदकुंकू वाहिलं. दुधाची वाटी मात्र लेकीने परत नेली; साप दूध पीत नाहीत हे तिने आजीला समजावलं, आणि आजीने ते निमूट ऐकलं. पुढच्या वर्षी वाटीत पाणी होतं.

लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा तांबू माझ्या गळ्यात पडली. मिशिगनच्या हिवाळ्यात तिला जपणं हे कामच होतं. हा विषुववृत्ताजवळच्या दमट प्रदेशातला प्राणी. त्याला सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियस ऊब आणि हवेत साठ-सत्तर टक्के ओल लागते. आमच्याकडे घर तापवणारी भट्टी सुरू झाली की घरातली हवा इतकी कोरडी होते की माणसाचे ओठ फुटतात. तिच्या पेटीत ओलं शेवाळ घालून ठेवायचं, थर्मोस्टॅट रोज बघायचा. ऊब वाढवूनही चालत नाही. बत्तीसच्या पुढे ती हैराण होई. ती त्या शेवाळात शिरून फक्त नाकाचं टोक बाहेर ठेवायची. संध्याकाळी डोकं बाहेर काढलं की त्याचा रंग बदललेला दिसे, कधी फिकट राखाडी, कधी जवळजवळ काळा. हे अजगर डोक्याची छटा अशी बदलू शकतात. मला ते बघत बसायला आवडू लागलं.

डिसेंबर 2013 मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फाचा पाऊस पडला. झाडांच्या फांद्या काचेने मढवल्यासारख्या जड होऊन तारांवर कोसळल्या आणि राज्यात लाखो घरांची वीज गेली. लॅन्सिंगच्या काही वस्त्यांत ती आठवडाभराहून जास्त आली नाही. भट्टी गॅसवर चालते, पण तिचा पंखा विजेवर, म्हणजे घर थंडगार. शेगडी काडीने पेटवून पाणी उकळलं, बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या, तांबूला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि थर्माकोलच्या खोक्यात त्या बाटल्यांशेजारी ठेवलं. मग ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे वीज होती, तिथे गेलो. खोक्यात काय आहे ते यजमानीण बाईंना सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांना सांगितलं नाही. ते जाता-येता खोक्यावर पेपर ठेवत.

जानेवारीत तिच्या श्वासाला घरघर लागली, नाकाशी बुडबुडे दिसले. थंडीने सापांना छातीचा संसर्ग होतो, आणि ही जात त्यात विशेष नाजूक. सापांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी दर तीन दिवसांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन लिहून दिलं. ते शरीराच्या पुढच्या भागातच द्यायचं असतं; मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. नवरा तिला धरायचा, मी सुई टोचायची. या सगळ्या काळात ती एकदाही चावली नाही. ती कृतज्ञ होती असलं काही मी म्हणणार नाही. तिला आधार देऊन धरलं होतं आणि आमचे हात आता थरथरत नव्हते, एवढंच. बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी तिने असा काही फूत्कार सोडला की मला हायसं वाटलं.

शेजारच्या आजोबांना मात्र तिची भीती वाटे. त्यांनी फ्लोरिडातल्या अजगरांच्या बातम्या पाहिल्या होत्या. ते बर्मी अजगर. पाळलेले सुटून एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले आणि तिथले सस्तन प्राणी फस्त केले. 2012 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यासह चार जातींची आयात आणि राज्याराज्यांतली ने-आण बंद केली. त्या यादीत ब्लड पायथन नाही, हे मी आजोबांना समजावलं. तरी गच्च कुलूप लावायची त्यांची मागणी योग्यच होती, आणि कुलूप होतंच.

आता तांबू लेकीच्या घरी आहे. हे अजगर नीट सांभाळले तर वीस वर्षांहून जास्त जगतात, त्यामुळे ती आणखी काही वर्षं दचकेल, ओरडेल आणि गप्प बसेल. भारतातले नातेवाईक फोनवर विचारतात, आम्हालाही मिळेल का? भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणं गुन्हा, तो दिसला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवा. परदेशी जातींची नोंद सरकारकडे करावी लागते. कागद नसलेला प्राणी कुणी देऊ केला तर घेऊ नका. आणि कुठल्याही देशात ब्लड पायथन घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: हे पिल्लू तुमच्याकडेच अंड्यातून निघालं का, आणि शेवटचं कधी जेवलं? पहिल्याचं उत्तर अडखळत आलं तर ते पिल्लू विकत घेऊ नका. अशा पिल्लाच्या पैशांतून रानातली पुढची धरून आणली जातात.