साडेतेहतीस अंश

जन्मताच न रडलेल्या बाळाला आम्ही मुद्दाम गार करतो, हे घरच्यांना सांगताना माझी जीभ अजूनही अडखळते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पंखासुद्धा लावू देत नाहीत. इथे मात्र तीन दिवस बाळ उघडं. 'हातपाय थंडगार लागतायत हो,' असं आजी म्हणतात, तेव्हा 'तसेच हवेत' हे उत्तर त्यांना क्रूर वाटत असणार.

श्वास कोंडला तरी मेंदूच्या सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायू मिळाल्यावर काही तास त्या सावरतात आणि मग दुसऱ्या फेरीत ढासळतात. ही दुसरी फेरी रोखण्यासाठी पहिल्या सहा तासांत बाळाचं तापमान साडेतेहतीस अंश सेल्सिअसच्या आसपास आणायचं, 72 तास तिथेच राखायचं आणि मग तासाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही, अशा बेताने वाढवायचं.

खरी कसोटी राखण्यात आहे. गुदद्वारातून आत सरकवलेली, तापमान मोजणारी प्रोब मांडीला चिकटवलेली असते. ती जरा निसटली की मॉनिटर खोटं बोलतो. नाडी शंभराच्या खाली येते आणि नवी सिस्टर धावत येते. या तापमानाला ते चालतं. रक्तदाब पडला तर मात्र चालत नाही.

2005 मध्ये परदेशांतल्या मोठ्या चाचण्यांनी या उपचाराला बळ दिलं. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात 'हेलिक्स' चाचणी झाली. त्यात आपलं सायन रुग्णालयही होतं. 2021 मध्ये निकाल आला. एकूण 408 बाळं. गार केलेल्यांपैकी 42 टक्के दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. तेव्हापासून यंत्र आहे म्हणून लावायचं, ही खुमखुमी माझ्यात उरलेली नाही. आपल्या बाळांच्या मेंदूला इजा कधी आणि कशाने होते, हेच बहुधा वेगळं आहे.

विरारच्या चंदनसारहून बाळ आमच्याकडे यायला निघालं तर विरार फाटा, अहमदाबाद हायवे, वर्सोवा पूल आणि पुढे दहिसर. पुलावर गाड्या तुंबल्या की सहातले दोन तास तिथेच जातात. या धास्तीने कुणी गाडीतच बर्फाच्या पिशव्या लावतं; तापमान मोजायला कुणी नसतं आणि बाळ तिशीच्या खाली उतरतं. मग रक्त गोठेनासं होतं.

तिथल्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच : बर्फ लावू नका, ताप चढू देऊ नका, साखर बघा आणि झटक्यांची वाट न बघता पहिल्याच तासात फोन करा. गार करायचं की नाही, ते नीट तपासून आम्ही ठरवू.