ताडपत्री

वळवाच्या वादळात मुकुंदवाडीतल्या आमच्या घरावरचे पत्रे उडाले, त्याला आता तिसरे वर्ष. पैसे जुळतील तसा एकेक पत्रा चढतो. उरलेल्या जागी ताडपत्री.

"विकून टाका," मुलगा म्हणतो.

मोठ्यांचेही काम असेच रेंगाळते, हे पटवायला मी त्याला अमेरिकेतल्या लेक चार्ल्सच्या २२ मजली इमारतीची हकीकत सांगितली. २०२०च्या 'लॉरा' वादळात तिच्या काचा फुटल्या. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, विम्याचा दावा चालला, आणि ७ सप्टेंबर २०२४ रोजी सुरुंग लावून ती पाडली.

"मग मी तेच सांगतोय!" तो म्हणाला.

मला उत्तर सुचले नाही. पण त्या इमारतीत रात्री कुणी निजत नव्हते. इथे ताडपत्री फडफडली की ही झोपेतच म्हणते, "अहो, दोरी आवळा."

मी उठतो, आवळतो.