दिवाळीला चौथा, संक्रांतीला सहावा

मंडळी, उद्या नऊ तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पोस्ट जरा लांब आहे, पण घरात पोटुशी लेक-सून असेल तर वाचाच.

चौथा ते सहावा हा सगळ्यात बरा काळ समजतात. उलट्या थांबतात, भूक लागते, बाई पुन्हा कामाला लागते. आणि नेमकं इथंच घरातल्यांचं लक्ष उडतं. ‘आता काय, बरी हाय की!’

आपल्या माण-आटपाडी-जत भागातून अजूनही ऊसतोडीला टोळ्या जातात, मेंढरं घेऊन वाडे बाहेर पडतात. हिशोब करा. दिवाळीला चौथा लागलेली बाई संक्रांतीला सहाव्यात असते. म्हणजे हे मधले तीन महिने सगळे फडात. उचल जोडीच्या नावावर घेतलेली, त्यामुळं ती मागं राहिली की कोयता अर्धा. दवाखान्यात गेली तर बऱ्याच टोळ्यांत खाडा लागतो. मग कोण जाणार?

आणि याच तीन महिन्यांत काय काय करायचं असतं बघा. अठरा ते वीस आठवड्यांत सोनोग्राफी, बाळाचा मेंदू, मणका, हृदय नीट घडतंय का ते बघायला. उशिरा गेलं तर दोष सापडूनही हातातले पर्याय कमी होतात. (मुलगा का मुलगी हे विचारू नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि तरीही विचारणारे आपल्यातच आहेत.) चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेची तपासणी, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त. धनुर्वाताचे डोस. दर भेटीला बीपी, वजन, हिमोग्लोबिन.

मागं एका आशाताईंबरोबर वस्तीवर गेलो होतो. सून पाचव्या महिन्यातली, पहिलटकरीण. म्हणाली, “पोटात मासोळी फिरल्यागत हुतंय.” पहिल्या खेपेला अठरा-वीस आठवड्यांत बाळाची हालचाल अशीच जाणवते. लाल गोळ्यांची पाकिटं मात्र फळीवर तशीच. सासूबाई म्हणाल्या, “त्या गोळ्यांनी पोर लई मोठं हुतंय, सुटका अवघड जाती. आमी सात बाळंतपणं घरात केली, कुठं काय तपासलं?”

आशाताई शांतपणे म्हणाल्या, “मामी, त्या सातातली हाईत किती?”

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. आशाताईंनी तिथंच सांगितलं, गोळी चहाबरोबर नको, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शी काळी झाली तर घाबरू नको, ती लोहाचीच खूण. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! आणि बाळंतपणात रक्त गेलं की आधीच रक्त कमी असलेल्या बाईकडं पुंजी काय असणार? सातव्यात डोहाळजेवणाला आपण हिरव्या साडीचा, फुलांच्या झोपाळ्याचा खर्च करतो. करा, हौस आहे. पण त्याआधी तिचं हिमोग्लोबिन किती हे घरातल्या एका तरी पुरुषाला तोंडपाठ असावं. ११ च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा.

पाठ दुखणं, पायात गोळे येणं, छातीत जळजळ हे चालायचंच. पण अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यापुढं अंधारी, तोंडावर सूज, लघवीला आग आणि ताप, किंवा फिरणारं बाळ गप्प झाल्यासारखं वाटणं, यात सकाळची वाट बघू नका. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी मोफत आहे, ती नाही मिळाली तर १०८.

टोळीबरोबर जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावं, पेटीच्या तळाशी नको. ज्या गावात फड असेल तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठा. तिथंही नऊ तारखेला तपासणी असते, कार्ड दाखवलं की पुढचं सोपं जातं. मुकादमांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती, महिन्यातल्या त्या एका दिवसाचा खाडा धरू नका.

उद्या सकाळी लवकर जा, दुपारी गर्दी असते.